ॲल्युमिनियमची झाळ

तांब्याचा हंडा गळू लागला तर तांबट, नांगराचा फाळ मोडला तर लोहार, हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. ॲल्युमिनियमचे पातेले तडकले तर कोणाकडे जावे, याचे उत्तर मात्र जुन्या बलुतेदारीत सापडत नाही. तो धातूच मुळी नवा. 1886 मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, विजेच्या साहाय्याने तो स्वस्तात मिळविण्याची एकच रीत शोधून काढली. मराठी घरात तो 'जर्मनची भांडी' या नावाने शिरला. नावातच त्याचे परकेपण होते.

छत्तीसगडात मात्र हा धातू आता घरचा म्हटला पाहिजे. 1965 मध्ये स्थापन झालेल्या भारत ॲल्युमिनियम कंपनीच्या कोरबा येथील कारखान्यातून 1975 पासून तो बाहेर पडू लागला. रायपूर स्टेशनाच्या पलीकडे गुढियारी ही व्यापाराची वस्ती आहे. भाताच्या मुलखातील अशा बाजारपेठेत खानावळीचे मोठे पातेले तडकणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. त्या दिवशीचा धंदाच त्यातून गळून जातो. चुलीवरून उतरवताना आदळलेले, काठाशी पोचा येऊन चिरलेले असे पातेले गॅसच्या ज्योतीने झाळता येते. त्या कामाला इंग्रजीतून आलेला ब्रेझिंग हा शब्द रूढ आहे. पातेले वितळवायचे नाही. त्याच्याहून लवकर वितळणारी सळई चिरेत उतरवायची, एवढेच त्याचे मर्म.

आणि येथेच जुन्या कारागिराचे ज्ञान त्याला दगा देते. लोहार लोखंडाचा रंग पाहून घाव घालतो. तांबूस, केशरी, पिवळा हीच त्याची मोजपट्टी. ॲल्युमिनियम रंग बदलत नाही. 660 अंश सेल्सियसला तो वितळतो, आणि वितळण्याच्या क्षणापर्यंत दिसतो जसाच्या तसा. मग भांड्याचा तळ एकाएकी खाली कोसळतो. झाळण्याच्या सळईत साधारण बारा टक्के सिलिकॉन असते व ती 577 अंशांना पातळ होते. म्हणजे कारागिराच्या हाती सुमारे ऐंशी अंशांचे अंतर, आणि डोळ्यांना काहीच खूण नाही.

म्हणून खूण बाहेरून आणावी लागते. भांड्यावर साबणाची रेघ ओढली तर तापताना ती तपकिरी होऊन काळवंडते. फ्लक्स म्हणून लावलेली पूड पाण्यासारखी नितळ होऊन पसरली की सळई टेकविण्याची वेळ आली असे समजावे. सळईवर ज्योत धरायची नाही; भांड्याच्या उष्णतेनेच ती वितळली पाहिजे. धातू उष्णता झपाट्याने दूर नेतो, त्यामुळे आधी चिरेच्या भोवतालचा बराच भाग शेकावा लागतो.

कल्हईवाल्याचा नवसागरही येथे पुरा पडत नाही. ॲल्युमिनियमवर हवेने जो अदृश्य पापुद्रा धरतो, तो वितळण्यास दोन हजार अंशांहून अधिक उष्णता लागते. स्टीलच्या ब्रशाने तो खरवडावा, तर क्षणात पुन्हा धरतो. क्लोराइड व फ्लुओराइड यांचा फ्लक्सच त्याला विरघळवतो. पण हाच फ्लक्स मागे राहिला तर धातू खातो. झाळ धरल्यावर गरम पाण्याने घासून तो धुतलाच पाहिजे. हे धुणे गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून घाईत तेच प्रथम गाळले जाते. त्या पातेल्यात भात शिजणार असेल तर हा निव्वळ आळस म्हणता येणार नाही.

चिरेची दोन्ही टोके शोधून तेथे बारीक भोक पाडावे, नाहीतर ती पुढे धावते. भोकेही मागाहून झाळेने बुजतात. काम झाल्यावर बाहेरून खडू फासून आत घासलेट ओतावे. पांढऱ्या खडूवर ओला डाग उमटला तर झाळ खोटी. ही परीक्षा स्वस्त आणि निर्दय आहे. ती झाली की भांडे साबणाने स्वच्छ करावे.

मोटरसायकलच्या इंजिनाचे कवच आले म्हणजे प्रश्न निराळा होतो. ओतीव धातूत आधीच सिलिकॉन असते, त्यामुळे कवच व सळई जवळजवळ एकाच वेळी वितळू पाहतात. शिवाय चिरेत वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असते. तेथे जस्ताची, चारशे अंशांच्या आसपास वितळणारी सळई वापरतात. तिला ताकद बेताची. झाकणाला ती चालेल, भार पेलणाऱ्या भागाला नाही. स्वयंपाकाच्या भांड्याला तर ती लावूच नये, मग ती कितीही सोपी असो.

प्रेशर कुकर मात्र कोणी आणला तर परत पाठवावा. झाळ कितीही सुबक दिसली तरी वाफेच्या दाबाखाली ती टिकेल याची हमी त्या दुकानात देता येत नाही. गिऱ्हाईक रुसेल, शेजारच्या दुकानात जाईल. तडकलेला कुकर भंगारात गेल्याने धातू वाया जात नाही. तो पुन्हा वितळविण्यास, खनिजापासून नवा काढण्याच्या मानाने, शेकडा पाचच्या आसपासच ऊर्जा लागते.