हृदयोपचारातील प्रगती : घाई कोठे, धीर कोठे?

(आरोग्यविषयक व्याख्यानमालेत एका हृदयरोगतज्ज्ञांनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांवरील आधुनिक उपचार हा आजचा विषय आहे. केवळ नव्या यंत्रांची नावे सांगून तो पुरा होणार नाही. या प्रगतीचा लाभ आपण कसा घेतो, याचा विचार अधिक महत्त्वाचा आहे. माझा अनुभव असा की, जेथे घाई करावयाची तेथे आपण थांबतो आणि जेथे थांबून विचार करावयाचा तेथे घाई करतो.

१९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्या दंडाच्या शिरेतून एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत सरकवली. त्या काळी हे अविचारी साहस मानले गेले; १९५६ साली त्यासाठीच त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्याच वाटेने पुढे जाऊन १९७७ साली झुरिच येथे आंद्रियास ग्रुंटझिग यांनी हृदयाची अरुंद झालेली रोहिणी फुग्याने रुंद केली. १९८६ साली त्या रोहिणीत धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवला गेला. आज मनगटातून नळी घालून ही प्रक्रिया होते आणि अनेक रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी परततात.

आता घाई कोठे करावयाची ते पाहू. रोहिणीच्या आतील मेदाचा थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि प्रवाह थांबतो. त्या क्षणापासून हृदयाचा स्नायू मरू लागतो. मेलेला स्नायू कोणत्याही स्टेंटने पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून रुग्ण दाखल होताच दहा मिनिटांत ई.सी.जी. काढला जावा, असा जगभरचा दंडक आहे. ट्रोपोनिनच्या रक्ततपासणीने निदान अधिक पक्के होते, मात्र ई.सी.जी. स्पष्ट असेल तर तिच्यासाठी थांबावयाचे नसते. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी शक्य नसेल आणि रुग्णाला रक्तस्रावाचा धोका नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्याच रुग्णालयात द्यावे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या, सतरा हजारांहून अधिक रुग्णांच्या एका चाचणीत असे इंजेक्शन आणि साधी अ‍ॅस्पिरिन मिळून मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांनी घटले होते. ग्रामीण भागासाठी याहून आशादायक वार्ता कोणती?

परंतु छातीत दाब आला, घाम फुटला, की आपल्या घरांत प्रथम काय होते? ‘पित्त झाले असेल’ म्हणून सोडा दिला जातो, पाठ चोळली जाते, सकाळपर्यंत वाट पाहिली जाते. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात तर कित्येकदा छातीत दुखतही नाही. नुसता दम लागतो किंवा कमालीचा थकवा येतो. माताभगिनी घरच्यांची गैरसोय नको म्हणून दुखणे अंगावर काढतात. हा त्याग नव्हे, ही हानी आहे. अशा वेळी रुग्णाला चालवू नये, त्याला स्वतः वाहन चालवू देऊ नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि ई.सी.जी.ची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

याउलट, चढ चढताना थोडे दुखते, विश्रांतीने थांबते आणि महिनोन्‌महिने तसेच आहे, अशा स्थिर आजारात धीर धरावा. ‘इस्केमिया’ नावाच्या, पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. अशा रुग्णांत औषधोपचाराला आरंभीच स्टेंट किंवा बायपासची जोड दिल्याने मृत्यू किंवा झटक्याचे एकूण प्रमाण लक्षणीय घटले नाही. छातीतील वेदना मात्र अधिक कमी झाल्या. मुख्य डाव्या रोहिणीत गंभीर अडथळा असलेले किंवा हृदयाची शक्ती फार घटलेले रुग्ण या चाचणीत नव्हते, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून ‘ब्लॉकेज आहे’ एवढे ऐकून घाबरू नये. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हा पहिल्या डॉक्टराचा अवमान नव्हे.

हाच रोग पायांतही होतो. चालताना पोटरीत कळ येते आणि थांबल्यावर जाते. आपण ते वयावर घालवतो. घोट्याजवळचा रक्तदाब आणि दंडातील रक्तदाब यांचे गुणोत्तर ०.९० किंवा त्याहून कमी आले, तर पायाच्या रोहिणीत अडथळा आहे असे समजावे. एवढ्या साध्या तपासणीने पुढे कापावा लागणारा पाय वाचू शकतो.

बंधूंनो, उपचार वेळेत मिळावा तसा तो परवडावाही लागतो. शस्त्रकौशल्यात आपण मागे नव्हतो. फेब्रुवारी १९६८ मध्ये, जगातील पहिल्या मानवी हृदयप्रत्यारोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ती शस्त्रक्रिया केली. रुग्ण वाचला नाही, पण धैर्य सिद्ध झाले. उणीव होती ती साधनांची; कृत्रिम झडप परदेशातून येई आणि गरिबाच्या आवाक्याबाहेर राही. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली हे आव्हान स्वीकारले गेले. झडपेचे आधीचे आराखडे चाचण्यांत अपयशी ठरले, तरी काम थांबले नाही. डिसेंबर १९९० मध्ये ‘चित्रा’ झडप प्रथम रुग्णाला बसवली गेली. याच वलियाथन यांनी पुढे चरक आणि सुश्रुत यांच्यावर मौलिक ग्रंथ लिहिले. स्वदेशीचा अर्थ जगाकडे पाठ फिरवणे नव्हे. जगाचे ज्ञान पचवून आपल्या माणसासाठी ते सिद्ध करणे होय.

फेब्रुवारी २०१७ मध्ये शासनाने औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत करांव्यतिरिक्त २९,६०० रुपये ठरवली. त्यापूर्वी त्यासाठी लाखाच्या वर रक्कम मोजावी लागे. धोरण आणि संशोधन हातात हात घालून चालले, तर काय घडते याचे हे उदाहरण.

तरीही झडप बदलण्याची वेळच न येणे हे अधिक चांगले. लहानपणी घशाच्या जंतुसंसर्गाकडे दुर्लक्ष झाले, तर त्यातून संधिवाताचा ताप येऊन झडपा खराब होऊ शकतात. एकदा तो ताप आलेल्या मुलाला वैद्यकीय सल्ल्याने दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन दिल्यास पुढील हानी पुष्कळ टाळता येते. सेवावस्त्यांत जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी अशा मुलांची नोंद ठेवावी आणि त्यांचे एकही इंजेक्शन चुकू देऊ नये. प्रौढांचा रक्तदाब आणि रक्तातील साखर मोजण्याची सोय करावी, तंबाखू सोडवावी. रात्री ई.सी.जी. कोठे निघतो आणि रुग्णाला नेण्यास वाहन कोणाचे, ही माहिती प्रत्येक वस्तीत तयार असावी.

यंत्रे शहरात येऊन पोहोचली आहेत. शेवटच्या घरापासून त्या यंत्रापर्यंतचे अंतर तोडण्याचे काम समाजाचे, म्हणजे तुमचे-आमचे आहे. ते आपण मनावर घ्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.