टाकीचं टोपडं

आम्ही मालवणकडच्या एका बचत गटाच्या बायका. परसातल्या टाक्यांत गप्पी, मोली असे शोभेचे मासे वाढवून विकतो. आज मात्र माशांच्या टाकीवर बसवायच्या दिव्याच्या पेटीविषयी बोलणार आहोत. इंग्रजीत तिला कॅनोपी म्हणतात, आम्ही म्हणतो टाकीचं टोपडं.

गेल्या वर्षी घरगुती निवास-न्याहारी चालवणाऱ्या एका ताईंनी हे काम दिलं. त्यांची टाकी तीन फुटी, खाऱ्या पाण्याची, आत केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश. आमच्यातल्या एकीचे दीर सुतार. साधा प्लायवूड, लोखंडी स्क्रू, आत एलईडीची पट्टी आणि तिचा अडॅप्टरही आतच. टोपडं छान दिसलं, पैसे मिळाले, आम्ही खूश.

चौथ्या महिन्यात ताईंचा फोन आला. मासे खायला घालताना त्यांच्या सुनेला शॉक बसला. हात झटकला म्हणून निभावलं. आम्ही धावत गेलो. आत पाहतो तर प्लाय फुगलेला, स्क्रू गंजलेले, अडॅप्टरवर मिठाचा पांढरा थर. गोड्या पाण्याच्या टाकीचा अनुभव आम्ही खाऱ्या पाण्याला लावला होता. दोष सुताराचा नव्हता, आमचा होता. गटाच्या बैठकीत बरीच बोलाबोली झाली, पण शेवटी गटाच्या पैशातून नवं टोपडं करून द्यायचं ठरलं.

दुसऱ्यांदा काय केलं, ते नीट ऐका. मरीन प्लाय घेतला, त्याच्या कडांसकट सगळीकडे पाणी न धरणाऱ्या रंगाचे तीन हात दिले. आतून पांढरा रंग लावला, म्हणजे उजेड परतून पाण्यातच पडतो. स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या. मागची बाजू उघडी ठेवली, म्हणजे वाफ आणि उष्णता कोंडत नाही. दिवा पाण्यापासून वीतभर वर, मध्ये पारदर्शक अॅक्रिलिकची पट्टी. अडॅप्टर पेटीबाहेर, भिंतीवर उंच. वायर आधी प्लगच्या खाली झोळीसारखी सोडायची, मग वर न्यायची. वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोळीतून खाली ठिबकतं, प्लगात जात नाही. आणि मुख्य म्हणजे वायरमनकडून अर्थिंग तपासून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला. वीज गळली की तो क्षणात पुरवठा तोडतो. तरीही टाकीत हात घालण्याआधी बटण बंद करायचंच.

टोपडं बसवताना ताई म्हणाल्या, "आता दिवा दुप्पट करा, कोणाकडून तरी जिवंत प्रवाळ आणून आत लावू." पैसे जास्त मिळणार होते. पण आम्ही नाही म्हटलं. प्रवाळाला जोरदार उजेड लागतो, कारण त्याच्या अंगात राहणारं बारीक शेवाळ उजेडावर अन्न करतं आणि त्यावर प्रवाळ जगतो. पण समुद्रातला प्रवाळ काढणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आपल्या मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. तिथल्या प्रवाळात माशांची पिल्लं वाढतात, आणि त्या माशांवर आपल्याच घरांतल्या चुली पेटतात.

मग आम्ही भाजक्या मातीची कपारी असलेली खडकं करून दिली. माशांना लपायला जागा झाली. नुसत्या माशांना साधा एलईडी पुरतो, रोज आठ तास, टायमर लावून. ताईंचं विजेचं बिलही आवाक्यात राहिलं.

त्या टोपड्यात आम्हाला नफा झाला नाही. पण त्याच ताईंच्या शिफारशीवरून पुढची दोन कामं आली. तुमच्या गटाला असं काम आलं तर दर सांगण्याआधी विचारा: पाणी खारं की गोडं? आत काय जगणार आहे? आणि त्या पाण्यात रोज हात कोण घालणार आहे?