पाण्यात मिसळणारे क्वांटम डॉट

कॅडमियम सेलेनाइडचा स्फटिक काही नॅनोमीटरइतका लहान केला, की तो कोणत्या रंगात चमकणार हे त्याचं आकारमान ठरवतं. अतिनील प्रकाशात दोन-तीन नॅनोमीटरचा कण निळा-हिरवा दिसतो, सहाच्या आसपासचा लाल. या क्वांटम डॉटसाठी २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना मिळालं.

हे कण जिवंत पेशीत वापरायचे, तर खरी अडचण पाण्याची. चांगले कण बनतात तापलेल्या तेलकट द्रावणात, त्यामुळे त्यांच्या अंगावर तेलकट रेणूंचा थर असतो. पेशीचा सगळा कारभार मात्र पाण्यात. १९९८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात यावर दोन उपाय आले. संशोधक अलिविसाटोस यांच्या गटानं कणांवर सिलिकाचं कवच चढवलं. चॅन आणि नी या संशोधकांची युक्ती मला अधिक देखणी वाटते. त्यांनी मर्कॅप्टोअ‍ॅसिटिक आम्ल घेतलं. त्यातलं गंधक कणावर चढवलेल्या झिंक सल्फाइडच्या कवचाला धरून बसतं, दुसऱ्या टोकाचा आम्लगट पाण्याशी जमवून घेतो. शिवाय त्याच टोकाला प्रथिन जोडता येतं, म्हणजे कण हव्या त्या पेशीपर्यंत पोचतो. नेहमीची रंगद्रव्यं सूक्ष्मदर्शकाखाली लवकर फिकी पडतात, हे कण बराच वेळ चमकत राहतात.

पण कॅडमियम विषारी! कवच झिजलं तर कॅडमियम पेशीत झिरपतं. म्हणूनच प्रयोगशाळेत रुळलेले हे कण माणसाच्या शरीरात सोडायला संशोधक कचरतात, आणि इंडियम फॉस्फाइड किंवा कार्बनच्या कणांकडे वळतात.