मानधन कशाचं?

(वडखळ येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)

वडखळ नाक्यावरच्या ट्रॅफिकमध्ये माझी अर्धी नोकरी गेली. एका औषध कंपनीचा एम.आर. होतो, पेण, वडखळ, नागोठणे, रोहा ही माझी लाइन. डॉक्टरांसमोर दोन मिनिटं बोलायचं, सॅम्पल ठेवायची. खरं काम त्यानंतर, केमिस्टच्या काउंटरवर. चहा मागवायचा आणि गप्पांच्या ओघात विचारायचं, ‘साहेबांच्या चिठ्ठीवर आपली गोळी किती येते हो?’ आमच्याकडे याला आरसीपीए म्हणत. डॉक्टरांच्या नावापुढे आकडा टाकून कागद मॅनेजरकडे.

मग हॉटेलात सीएमई, म्हणजे डॉक्टरांचं शिक्षण. वक्त्याला मानधन, स्लाइड्स कंपनीच्या, जेवण सगळ्यांना. वक्ता ठरवताना मॅनेजर तोच कागद बघत. मी एकदा बावळटासारखं बोललो, ‘रोह्याचे ते डॉक्टर छान शिकवतात की!’ मॅनेजर म्हणाले, ‘शिकवतात रे, पण लिहीत नाहीत.’

नवं औषध आलं की डॉक्टरांना कुणीतरी समजावून सांगायला हवंच. संशोधनात कंपनीला त्यांचा सल्ला लागतो, त्याचे पैसेही द्यावेत. माझी तक्रार त्या कागदाबद्दल आहे.

नियम आहेत. डिसेंबर २००९ मध्ये मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांना कंपन्यांच्या भेटी, प्रवास, पाहुणचार घ्यायला मनाई केली. गंमत बघा, घेणाऱ्याला बंदी आणि देणारा तोच खर्च आयकरात वजावट म्हणून मागायचा! अखेर २२ फेब्रुवारी २०२२ ला एपेक्स लॅबोरेटरीजच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती वजावट नाकारली. भेटींचा खर्च शेवटी औषधाच्या किमतीत, म्हणजे रुग्णाच्याच खिशावर पडतो, हे कोर्टाने स्पष्ट म्हटलं. औषध कंपन्यांसाठीच्या मार्च २०२४ च्या यूसीपीएमपी संहितेने डॉक्टरांचा प्रवास आणि हॉटेलमुक्काम बंद केला. अपवाद सीएमईच्या वक्त्याचा. वक्ते कसे निवडायचो, ते आत्ताच सांगितलं.

अशा पैशाविरुद्ध तक्रार करणाऱ्या डॉक्टरांचं आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रुजवणारे. एमआरआयसाठी रुग्ण पाठवला म्हणून एका तपासणी केंद्राने त्यांना १२०० रुपयांचा चेक पाठवला. २०१३ मध्ये त्यांनी थेट महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. रक्कम किरकोळ, पण चेकवर देणाऱ्याचं नाव होतं. आम्ही डॉक्टरांना द्यायचो त्या पाकिटांवर कुणाचंच नसायचं.

अमेरिकेत २०१० च्या कायद्याने कंपन्यांना डॉक्टरांना दिलेला पैसा सरकारला कळवावा लागतो. २०१४ पासून तो सर्वांसाठी खुला आहे. डॉक्टरांचं नाव टाकलं की जेवण, प्रवास, भाषणाचं मानधन, सल्ल्याची फी, सगळं कंपनीच्या नावानिशी दिसतं. आपल्याकडे रुग्णाला ही सोय नाही. डॉक्टरवार हिशेब कंपनी ठेवतेच, मी स्वतः वर्षानुवर्षं लिहून दिलाय. तो रुग्णालाही दाखवा, एवढंच माझं मागणं आहे.