आधी पाहणी, मग आखणी

५ ऑगस्ट २०२२ रोजी बेळगावच्या जाधवनगर वस्तीत बिबट्या शिरला. एका बांधकाम मजुराला जखमी करून तो झाडीत दिसेनासा झाला. पुढे त्याचा माग गोल्फ मैदानाच्या परिसरात लागला. वीसहून अधिक शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पिंजरे लावले गेले, कॅमेरे बसविले गेले, शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलू छावणीतून हत्तीही आणविण्यात आले. सुमारे महिनाभर शोध चालला. बिबट्या मात्र हाती लागला नाही.

हा प्रसंग लोक थट्टेवारी नेऊन विसरूनही जातात. परंतु त्याने पुढे आणलेला प्रश्न विसरण्याजोगा नाही. नगराच्या आराखड्यात घरे, बाजार, शाळा, रस्ते या प्रत्येकाला आपापला रंग असतो. ओढ्याकाठच्या झाडीच्या वाट्याला बहुधा ‘मोकळी जागा’ एवढेच नाव येते. ती जागा खरोखर मोकळी असते काय?

बेळगावच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. हे शहर दोन प्रदेशांच्या उंबरठ्यावर वसले आहे. पश्चिमेस जांबोटी-कणकुंबीकडे धुवांधार पावसाची घनदाट राने. पूर्वेस गोकाककडे कोरडी माळराने. मधल्या पट्ट्यात मार्कंडेय नदी, बळ्ळारी नाला, शहापूर-येळ्ळूरची भातशेते, किल्ल्याचा खंदक आणि छावणीतील जुनी झाडे. रानातून माळाकडे जाणाऱ्या जीवांना या हिरव्या पट्ट्यांचाच आधार असतो. पट्टा मध्येच तुटला म्हणजे प्राणी नाहीसा होतोच असे नाही. कित्येकदा तो वस्तीतून वाट काढतो.

पाहणीचे मोल या जिल्ह्याला नवे नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये सस्तन प्राण्यांची देशव्यापी पाहणी आरंभिली. त्याच काळात खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत एक निराळे वटवाघूळ आढळले आणि १९१३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. रॉटन या वनाधिकाऱ्याचे नाव त्याला मिळाले. पुढे जवळजवळ नऊ दशके या जातीचे दुसरे वसतिस्थान जगाला ठाऊक नव्हते. त्या गुहांचा परिसर २०११ मध्ये घोषित झालेल्या भीमगड अभयारण्यात आला. कोणी कंदील घेऊन गुहेत शिरले नसते, तर रक्षण कशाचे करावयाचे हेच कळले नसते.

शहराजवळच्या पाहणीला गुहेत शिरण्याचे साहस लागत नाही, चिकाटी लागते. ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी, वर्षभर चालावे लागते; कारण बेडूक पावसाळ्यात बोलतात आणि परदेशी पाहुणे पक्षी हिवाळ्यात येतात. पाऊलखुणा, विष्ठा, घरटी, बिळे यांची जागा नकाशावर टिपावी लागते. काही न दिसल्याचा दिवसही लिहून ठेवावा लागतो. शेतकरी, गुराखी व मच्छीमार यांना विचारल्यावाचून अशी पाहणी पुरी होत नाही.

पाहणीने समजुती कशा पालटतात याचे उदाहरण अकोले तालुक्याचे आहे. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वन्य भक्ष्य जवळजवळ नसलेल्या तेथील उसाच्या शेतीप्रदेशात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. त्यांचे मुख्य भक्ष्य कुत्री हे होते. म्हणजे शहराचा कचरा आणि त्यावर पोसलेली कुत्री हादेखील वन्यजीवनाचाच प्रश्न ठरतो. ऊस पिकविणाऱ्या बेळगाव-निपाणी भागाने हा धडा दुर्लक्षू नये.

घरे नकोत काय, असा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. पुण्याने १९९७ मध्ये सामील झालेल्या गावांतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण ठेवले. ९७८ हेक्टरांच्या या आरक्षणाला २०१५ मध्ये शासनाची मान्यता मिळाली. जमीनधारकांच्या भरपाईचा प्रश्न मात्र रेंगाळला. पाहणी लवकर झाली तर पर्याय शिल्लक असतात. भूखंड पडल्यानंतर उरतो तो फक्त तंटा.

या कामाची चौकट कायद्यात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. ती कपाटात न राहता नगररचनाकाराच्या मेजावर आली पाहिजे, आणि आराखड्यावर हरकती मागविल्या जातात तेव्हा नागरिकांच्याही हाती असली पाहिजे.

सीमाभागात आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. वेदगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून निपाणीकडे येते. २००२ पासून कर्नाटकातील हत्ती सिंधुदुर्गात आणि पुढे चंदगड-आजऱ्याकडे उतरले. त्यांनी कोणाचीही परवानगी मागितली नाही. एका बाजूची नोंद कन्नडमध्ये आणि दुसऱ्या बाजूची मराठीत असेल, तर अडचण नाही. दोन्ही नोंदी एका नकाशावर येत नाहीत, ही अडचण आहे. माणसांच्या वादाचा निकाल लागेल तेव्हा लागो. ओढ्याची नोंद त्यासाठी खोळंबू नये. घर बांधण्यापूर्वी जमिनीचा कस पाहणारी माणसे नगर वाढविण्यापूर्वी तिथले रहिवासी मोजतील, तर पुढच्या बिबट्याची वाट शाळेच्या दारावरून जाणार नाही.