इंग्रजीतील अनेकवचनी षष्ठी



श्रुतलेखनात आपण ‘माय ब्रदर्स हाऊस’ असे उच्चारतो. हे घर एका भावाचे की अनेकांचे? कानाला उमगत नाही. मराठीत ‘भावाचे’ व ‘भावांचे’ यांतील अनुस्वार ऐकू येतो. इंग्रजीत हा भेद केवळ ॲपॉस्ट्रॉफी या चिन्हाच्या जागेवरून कळतो. भाऊ एक असल्यास चिन्ह ‘एस’च्या आधी, अनेक असल्यास नंतर. तेव्हा संदर्भ न देता मुलाचे गुण कापणे हा अन्याय होय. तो मीही पुष्कळदा केला आहे.

शिकविताना प्रथम अनेकवचन लिहवून घ्यावे. ते ‘एस’ने संपत असेल, तर पुढे नुसते चिन्ह द्यावे. १९६२ पासून ५ सप्टेंबरला साजरा होणारा ‘टीचर्स डे’ असाच लिहितात. ‘मेन’, ‘चिल्ड्रन’ हे शब्द ‘एस’वाचूनच अनेकवचनी; त्यांना आधी चिन्ह, मग ‘एस’. ‘द बॉइज प्ले’ येथे मात्र स्वामित्वच नाही, म्हणून चिन्हही नको.

आणि श्रुतलेखन असे घालावे : ‘आय हॅव टू ब्रदर्स. माय ब्रदर्स हाऊस इज बिग.’ मग चुकले, तर खुशाल गुण कापावेत.