केबल काढण्यापूर्वी



खर्चाला कात्री लावावयाची म्हटली की मुलुंड-घाटकोपरच्या घरांतून प्रथम केबलचे नाव निघते. नाव काढतो कोण? ज्याची करमणूक खिशातल्या मोबाइलमध्ये आहे तो! दिवसभर घरात राबणाऱ्या बाईची करमणूक मात्र भिंतीवरच्या पडद्यावर असते.

२०१९ साली वाहिन्या निवडून घेण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला. तेव्हा नको त्या सशुल्क वाहिन्या गाळूनही बिल उतरते. दूरदर्शनच्या फ्री डिशला मासिक आकारच नाही. तीवर सह्याद्री दिसते, पण घरातली रोजची मालिका बहुधा दिसणार नाही.

कामगार संघटनेत आम्ही एक नियम पाळतो: ज्याची कपात होणार, त्याला विचारल्यावाचून करारावर सही करावयाची नाही. घरातही तोच नियम लावा. आणि केबलच्या बिलाशेजारी आपल्या मोबाइलचे बिलही मांडा.